'रात्रीस खेळ चाले'चा वाडा बघायला आकेरीला जाताय? मग आधी हे वाचून घ्या

माझं आजोळ कुडाळ तालुक्यातलं. २०१६ पासून एक प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मोजत नाही, "अगं तुझ्या गावाजवळच ना तो अण्णा नाईकांचा वाडा, कसं जायचं गं?" ऑफिसमधले, नात्यातले, सोसायटीतले, सगळे. सात-आठ वेळा मी स्वतः कुणाला ना कुणाला घेऊन गेलेय तिकडे. प्रत्येक वेळी काहीतरी नवीन कळलं, काही वेळा आपल्याच माणसांच्या वागण्याचं वाईटही वाटलं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. लिहिलंय आकेरीबद्दल, म्हणजे 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचं शूटिंग जिथे झालं त्या गावाबद्दल, पण मालिकेतलं दुसरं कुठलंही गाव किंवा घर बघायला जाणार असाल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

पहिली पायरी: ते घर खरंच आहे का ते बघा

हे आधी सांगायला लागतं, कारण टीव्हीवर दिसणारी निम्मी घरं कुणाची घरं नसतातच. गोकुळधाम सोसायटी शोधत लोक मुंबईभर फिरतात पण तो गोरेगावच्या चित्रनगरीत उभारलेला सेट आहे, बाहेरून इमारत दिसते आणि आतली घरं वेगळ्या सेटवर. ठाण्याला घोडबंदर रोड आणि मढच्या बाजूला बंगले शूटिंगसाठीच भाड्याने देतात, आज एका मालिकेतलं सासर, चार महिन्यांनी दुसऱ्या मालिकेतलं माहेर, फक्त पडदे आणि रंग बदलतात. तिथे गेलात तर वॉचमन गेटवरूनच परत पाठवणार, आणि बघण्यासारखं तसंही काही नसतं.

पण गेल्या दहाएक वर्षांत मराठी मालिका मुंबई सोडून खऱ्या गावात जायला लागल्या. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळच्या वसगड्यात सुरू झाली, 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे झाली, आणि 'रात्रीस खेळ चाले' आली सिंधुदुर्गात आकेरीला. ही गावं खरी आहेत. लोक राहतात तिथे, शेती करतात, पोरं शाळेत जातात. त्यामुळे पुढचं सगळं नियोजन एकाच गोष्टीवर ठरतं, तुम्ही कुणाच्या तरी दारात जाणार आहात. तिकीट काढून बघायची ही जागा नाही.

मालिकेबद्दल थोडं, म्हणजे तिथे काय बघायचं ते कळेल

पहिलं पर्व झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालं, रात्री साडेदहाला. अण्णा नाईक गेले आणि दिवसकार्यासाठी सगळं कुटुंब गावच्या वाड्यात गोळा झालं, तिथून गोष्ट सुरू होते. दुसरं पर्व २०१९ ला आलं, ते मागच्या काळातलं, अण्णा जिवंत असतानाचं, त्यांच्या प्रेयसीचं, शेवंताचं. तिसरं २०२१ ला. अण्णा माधव अभ्यंकरांनी केले, आणि प्रल्हाद कुडतरकर लेखकही होते आणि मालिकेतला पांडूही तेच. रोजच्या मालिकेत मालवणी बोली इतकी ऐकू येणं हे आमच्याकडच्या माणसांना फार मोठं होतं. त्याच वेळी कोकणात भुतंखेतंच असतात असं दाखवताय म्हणून गावागावात रागही होता, तेही खरं. हे दोन्ही डोक्यात ठेवून जा, कारण गावात कुणाशी बोलायला लागलात की पाच मिनिटांत यातलं एक तरी निघतंच.

तिन्ही पर्वं संपलीत. आता तिथे शूटिंग नाही, कलाकार नाहीत, लाइट नाहीत. "शेवंता भेटेल का?" असं मला खरंच एका काकूंनी गाडीत विचारलं होतं. नाही भेटणार. तुम्हाला दिसेल तो कोकणातला एक जुना वाडा, खळं म्हणजे घरापुढचं अंगण, तुळस, भोवतीची झाडं आणि शांतता. तेवढ्यासाठी जायचं असेल तर जरूर जा, आवडेल.

अजून एक, बरेच जण तिथे पोचल्यावर "अरे, एवढंच?" म्हणतात. वाडा लहान नाहीये, तो टीव्हीवर मोठा दिसतो. कॅमेऱ्याची रुंद लेन्स अंगण ओढून लांब करते, रात्रीच्या सीनला झाडांच्या मागून निळसर उजेड टाकतात, धूर सोडतात, आणि तो रातकिड्यांचा, कुत्र्यांचा आवाज बराचसा नंतर चढवलेला असतो. सकाळी दहाच्या उन्हात तीच जागा कुठल्याही मावशीच्या घरासारखी दिसते. जाण्याआधी यूट्यूबवर किंवा अ‍ॅपवर पहिल्या पर्वाचे दोन-तीन एपिसोड परत बघून घ्या, पायऱ्या कुठे, पडवी कुठली, अण्णांची बायको माई कुठे बसायच्या, हे ताजं असलं की तिथे उभं राहून ओळखायला जास्त मजा येते.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, डोळे मिटून. पाऊस संपलेला असतो, हवा बरी असते, भात कापून झालेलं असतं आणि गावोगाव जत्रा सुरू होतात, म्हणजे नशीब असेल तर रात्री दशावतारी नाटकही बघायला मिळेल. मालिकेत जे गूढ वातावरण आवडलं असेल त्याचं मूळ या रात्री उशिरा रंगणाऱ्या दशावतारात आणि गावात देवाला घालतात त्या गाऱ्हाण्यात, गावाची राखण करणाऱ्या राखणदाराच्या गोष्टींमध्ये आहे, त्यामुळे तेही बघितलंत तर मालिका जास्त कळते.

पावसाळ्यात गाव सुंदर दिसतं पण फिरणं अवघड. चिऱ्याच्या वाटा शेवाळाने घसरड्या होतात, जळवा नसल्या तरी सापकिरडू असतं, आणि पाऊस धरला की दिवसभर सोडत नाही. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, आंबा-काजूचा हंगाम, प्रत्येक घरात पंधरा-पंधरा माणसं. तेव्हा गाड्यांना रिझर्वेशनही मिळत नाही.

गणपतीत आणि शिमग्यात मात्र वाडा बघायला म्हणून जाऊ नका. चतुर्थीला घराघरात माणसं, भजनं, नैवेद्य, बायका पहाटेपासून चुलीपाशी, अशा वेळी दारात दहा अनोळखी माणसं फोन वर करून उभी राहिली की काय वाटत असेल, आपल्याच घरी असं झालं तर कसं वाटेल ते बघा.

दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, किंवा दुपारी चार ते साडेपाच. दुपारी दोनला गाव जेवून आडवं झालेलं असतं. आणि दिवेलागणीनंतर अजिबात नको. ती देवापाशी, तुळशीपाशी दिवा लावायची वेळ, आमच्याकडे त्या वेळी दारात अनोळखी माणूस आलेला कुणालाच आवडत नाही. "रात्रीच तर खरी मजा" म्हणणारी पोरं दरवेळी भेटतात. त्यांनी माझ्या मावशीच्या वाडीत एकदा काय केलं ते खाली सांगते.

कसं पोचायचं

आकेरी कुडाळ तालुक्यात आहे पण सावंतवाडी शहराला जास्त जवळ. जुना मुंबई-गोवा रस्ता झारापवरून आकेरीतून सावंतवाडीत जायचा, आता नवा हायवे झारापपासून बाहेरून जातो, त्यामुळे नकाशावर नीट बघा, नाहीतर हायवेने सरळ पुढे गोव्याच्या दिशेला निघून जाल आणि परत फिरावं लागेल.

रेल्वे सगळ्यात सोपी. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्री सुटते आणि तिचा शेवटचा थांबा सावंतवाडी रोडच आहे, म्हणजे झोप लागली तरी स्टेशन चुकायची भीती नाही. कोकणकन्या रात्रीची, कुडाळलाही थांबते आणि सावंतवाडीलाही. वंदे भारत २०२३ पासून सुरू झाली पण ती सिंधुदुर्गात कणकवलीला थांबते, तिथून पुढे एसटी किंवा दुसरी गाडी. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस डोक्यात ठेवून बसू नका, आणि लाँग वीकेंड असेल तर उघडलं त्या सकाळीच काढा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, तेव्हा त्या वेळा वेगळ्या बघून घ्या. झाराप स्टेशन आकेरीला खरं तर जवळ, पण मोठ्या गाड्या तिथे थांबत नाहीत.

माझं ऐकाल तर कुडाळला उतरा. सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाहीये, मळगावात आहे, तिथूनही रिक्षा करावीच लागते. कुडाळला उतरलात की वाटेत पिंगुळी लागतं, तिथे काय आहे ते पुढे सांगते, आणि मग झाराप, आकेरी, सावंतवाडी अशी सरळ रांग लागते. उलट फिरायला नको.

स्वतःची गाडी असेल तर मुंबईहून जवळपास ५०० किलोमीटर, एका दिवसात जाऊन लगेच बघायचं असं ठरवू नका, दमलेल्या माणसाला काही दिसत नाही. पुण्याहून कोल्हापूर, आजरा, आंबोली घाट उतरून सावंतवाडीत येता येतं, रस्ता सुंदर आहे पण पावसात धुकं असतं, घाट दिवसाउजेडी उतरा. विमानाने यायचं तर गोव्याचं मोपा बरं पडतं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथली विमानं त्या वेळी चालू आहेत का ते बघूनच ठरवा.

एसटीने फिरणार असाल तर कुडाळ-सावंतवाडी गाडी आकेरीमार्गे आहे का ते आधी कंडक्टरला विचारा, काही गाड्या हायवेने जातात. रिक्षा केलीत तर निघायच्या आधीच थांबायचे पैसे ठरवून घ्या, म्हणजे तुम्हालाही घाई नाही आणि रिक्षावाल्याचाही दिवस वाया जात नाही. आणि रिक्षा तिथलीच करा, तो गावातल्या कुणाला तरी ओळखत असतो, ती ओळख तुमच्या नकाशापेक्षा दहा पट कामाची.

वाड्यापर्यंत

आधी रामेश्वराच्या देवळात जा. हे मी धार्मिक म्हणून सांगत नाहीये फक्त. आकेरीचं रामेश्वराचं मंदिर जुनं आहे, गावाचा देव आहे, आणि गावात आलेला माणूस आधी देवाच्या पाया पडतो ही रीतच आहे. देवळाजवळ कुणी ना कुणी भेटतं, तिथेच विचारा, "शूटिंगचा वाडा कुठे, आणि आत्ता गेलो तर चालेल का?" या प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. त्या दिवशी तिकडे काही कार्य असेल, कुणी आजारी असेल, सुतक असेल, तर गावातला माणूस तुम्हाला तिथेच सांगेल आणि तुमची फेरी वाचेल.

गाडी रस्त्याला कडेला लावा आणि चालत जा. वाडीत जाणाऱ्या पाणंदी दोन्ही बाजूंनी गडग्याच्या, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाच्या, एका वेळी एकच गाडी जाईल एवढ्या. तिथे तुम्ही मोठी गाडी घातली आणि समोरून कुणी आजारी माणसाला घेऊन निघालं तर मागे घ्यायला जागा नसते. शूटिंगच्या दिवसांत आमच्या बाजूच्या वाडीत एका टूरवाल्यांनी ट्रॅव्हलर आत घातली होती, वळवता येईना, शेवटी कुणाच्या तरी गडग्याचे चार चिरे पाडून गाडी काढली आणि ते तसेच टाकून निघून गेले. तो गडगा घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी नंतर एकट्याने लावला, मी बघितलंय.

लघवी-बिघवीचं सगळं आधी स्टँडवर किंवा हॉटेलात उरकून या. ऐकायला साधं वाटतं पण सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. बसभर माणसं एका घरापाशी उतरली की बायका आत विचारतात आणि पुरुष कुणाच्या तरी माडाच्या आडोशाला जातात. नका करू. पाण्याची बाटली जवळ ठेवा, रिकामी झाली की परत न्या, वेफर्सची पाकिटं सुद्धा. वाडीत कचरा उचलायला गाडी येत नाही, तुम्ही टाकलेलं घरातल्याच कुणाला तरी वाकून उचलावं लागतं.

दारात गेल्यावर

नाईक हे मालिकेतलं कुटुंब. खऱ्या माणसांना "तुम्हीच नाईक का?" किंवा "माई आहेत का?" असं विचारू नका. बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी थांबायचं, हाक मारायची, "कोणी आहे का घरात?" आणि उत्तर येईपर्यंत आत पाय टाकायचा नाही. कुणी आलं की आधी आपण कोण, कुठून आलो ते सांगायचं. आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असतो, "खंयसून इलात?" त्याला नीट उत्तर दिलंत, गाव सांगितलंत, की पुढची निम्मी गोष्ट सोपी होते. मालवणी येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका, मालिकेतले डायलॉग तर मुळीच मारू नका. सरळ मराठीत बोला, सगळ्यांना कळतं.

मग विचारा, बाहेरून बघितलं तर चालेल का, फोटो काढला तर चालेल का. बाहेरून हो म्हणाले म्हणजे आत बोलावलं असं नाही. आत बोलावलं तर चपला खाली, पडवीपर्यंतच, देवघराकडे आणि स्वयंपाकघराकडे वळायचं नाही, फोन खिशात. नको म्हणाले तर कारण विचारायचं नाही, नमस्कार करून निघायचं. वाडा रस्त्यावरून दिसेल तेवढा बघा आणि चला. मी स्वतः दोन वेळा अशीच परत आलेय, एकदा तर सोबत पुण्याहून मुद्दाम आलेली मंडळी होती. वाईट वाटतं, पण घर त्यांचं आहे.

आणि पैसे देऊ करू नका. "शंभर रुपये देतो, आत बघू द्या" हे ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. द्यायचंच असेल तर गावात खर्च करा. शूटिंगचं भाडं मिळतं ते घरमालकाला, करार त्यांच्याशी असतो, पण गर्दी, धूळ आणि हॉर्न भोगते सगळी वाडी. म्हणून चहा गावातल्या टपरीवर घ्या, आमसुलं, काजू, कोकम आगळ कुणाकडे विकत मिळतंय का विचारा. पाहुणा म्हणून कुणी गूळ-पाणी पुढे केलं तर मात्र नाही म्हणू नका, दोन घोट तरी घ्या.

खळ्याबद्दल वेगळं सांगते

कारण हे शहरातल्या माणसाला माहीतच नसतं आणि त्यात त्याची चूकही नसते. कोकणात घरापुढचं खळं दरवर्षी नव्याने करतात. पावसात ते उखडून जातं, चिखल होतो, गवत माजतं. मग दिवाळीच्या सुमाराला ते खणून, माती टाकून, पाणी मारून, लाकडी चोपण्याने चोपून चोपून घट्ट करतात, आणि वर शेणाने सारवतात. पाच-सहा दिवस लागतात, घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. माझी मावशी सत्तरीची आहे, ती अजून उकिडवी बसून हाताने सारवते, तिच्या बोटांचे अर्धगोल त्या सारवणावर उमटतात, एकाला एक लागून, तुळशीपासून थेट पायरीपर्यंत. वाळलं की ते पिवळसर-हिरवं खळं इतकं देखणं दिसतं! त्यावरच भात झोडायचं, आमसुलं वाळवायची, रात्री चटई टाकून झोपायचं.

तर अशा ओल्या सारवणावर एकदा चार मुलं बाइक घेऊन आली. पत्ता चुकून आली होती, शूटिंगचा वाडा समजून. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, एकाने चेहऱ्याला पावडर फासलेली, दुसरा शूट करत होता. बाइक खळ्यात गोल फिरवली, दोन चाकांच्या खोल रेघा उठल्या, मग "इथे भूत आहे का हो मावशी?" असं विचारून हसत निघून गेली. मावशी त्यांना काही बोलली नाही. सकाळी तिने पुन्हा शेण कालवलं. आणि तिची नात, तेव्हा दुसरीत होती, ती कितीतरी दिवस आईला विचारत होती की आपल्या घरात भूत आहे असं ते दादा का म्हणाले. मुलं रात्री परसात जायला घाबरायला लागली होती त्या वर्षी.

म्हणून विनंती आहे. खळं दिसलं की कडेने चाला. ओलं दिसलं तर थांबा. चपला बाहेर काढा, टाचेच्या सँडल तर नक्कीच. गाडी कधीच वर चढवू नका. तुळशीच्या कट्ट्यावर बसून फोटो काढू नका. आणि "भुताचा वाडा", "झपाटलेलं घर" असे शब्द तिथे उभं राहून मोठ्याने बोलू नका, मुलं ऐकत असतात.

फोटो, रील्स, ड्रोन

घराचा फोटो विचारून काढा. माणसांचा तर विचारल्याशिवाय नाहीच. दोरीवरचे कपडे, बावीवर पाणी काढणाऱ्या बायका, मागीलदारी भांडी घासणारं कुणी, हे फ्रेममध्ये येत असेल तर फोन खाली करा. आपण त्याला गावचं जीवन म्हणतो, त्या बाईला ते आपल्या मोरीचा फोटो काढल्यासारखं वाटतं.

रील करायचीच असेल तर दिवसा, आवाज न करता, एक-दोन टेकमध्ये. गाणं नंतर घालता येतं, तिथे स्पीकर लावायची गरज नाही. ड्रोन घरांवरून उडवू नका, न्हाणीघरं बरीचशी वरून उघडी असतात, एवढं सांगितलं तरी कळेल. आणि पोस्ट करताना घराचं नेमकं लोकेशन, घरच्यांचं नाव, फोन नंबर, नंबरप्लेट यातलं काही टाकू नका. 'आकेरी, सिंधुदुर्ग' एवढं पुरतं. एकदा कुणीतरी गावातल्या एका माणसाचा नंबर "वाडा बघायला यांना फोन करा" म्हणून टाकला होता, त्या माणसाने शेवटी सिमकार्ड बदललं.

दुसरीकडे कुठे चालू शूटिंग बघायला मिळालं तर

थोडक्यात सांगते. युनिटचं काम बारा-बारा तासांच्या शिफ्टने चालतं, रोजचा बावीस-तेवीस मिनिटांचा एपिसोड वेळेत द्यायचा असतो, त्यामुळे तिथे कुणालाच वेळ नसतो. गेल्यावर स्पॉटदादा किंवा प्रॉडक्शनच्या माणसाला विचारा की कुठे उभं राहायचं. "रोल साउंड" ऐकू आलं की तुमच्या पिशवीचा आवाज सुद्धा नको, माइक फार लांबचं पकडतो. फोन एरोप्लेन मोडवर. कलाकाराला सेल्फी मागायची तर जेवणाच्या ब्रेकमध्ये नाहीतर पॅकअपनंतर, आणि रडायचा सीन चालू असेल तर बिलकुल नको, तो माणूस त्या मनःस्थितीत बसलेला असतो. शूट केलेलं काही बाहेर टाकू नका, पुढच्या आठवड्याची गोष्ट फुटते.

जोडीला काय बघायचं

वाडा बघायला जास्तीत जास्त पाऊण तास लागतो. फक्त त्याच्यासाठी मुंबईहून जाऊ नका, मन भरणार नाही. पूर्ण दिवस असा ठेवा.

सकाळी कुडाळला उतरून नाश्ता, घावणे किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली तर सोडू नका. मग पिंगुळी. इथे ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरच्यांनी ठाकर आदिवासी कला आंगण म्हणून संग्रहालय उभं केलंय. हे घर मात्र तुम्ही यावं म्हणूनच उघडं आहे, फोन करून जा, बाहुल्यांचा खेळ दाखवतात. एका मालिकेपायी आपण एवढे लांब येतो, तर पिढ्यान्‌पिढ्या कागदावरच्या चित्रांवरून रात्र रात्र गोष्टी सांगणाऱ्या माणसांकडे तासभर बसायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

तिथून झारापवरून आकेरी, रामेश्वर, वाडा. एक-दीडपर्यंत सावंतवाडीत जेवायला. मासे खात असाल तर माशांची कढी-भात, नाहीतर शाकाहारी थाळी आणि सोलकढी. दुपारी चितार आळीत लाकडी खेळणी आणि लाकडाची रंगवलेली फळं. दुकानात घाई करू नका, रंगाचं काम कसं करतात ते विचारलंत तर प्रेमाने सांगतात. मग राजवाडा, तिथे गंजिफा बघायला मिळतात, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. संध्याकाळी मोती तलावाच्या काठावर बसा, आणि तुतारी परतीलाही इथूनच संध्याकाळी सुटते, मळगावला जायला रिक्षा आधीच सांगून ठेवा, ऐन वेळेला सगळे एकदम निघतात.

एक राहिलं. दारात कुणी नीट बोललं, चहा दिला, तुमच्यासोबत फोटोला उभं राहिलं, की आपण हमखास म्हणतो, "पाठवते हां फोटो." मावशीकडे अशी आश्वासनं देऊन गेलेली पन्नास तरी माणसं असतील. पाठवला एकाच बाईने, नाशिकहून, दोन प्रती, पाकिटात पुठ्ठा घालून म्हणजे दुमडणार नाही. तो फोटो अजून पडवीत गणपतीच्या कॅलेंडरशेजारी लावलेला आहे. तेव्हा निघताना पत्ता लिहून घ्या, पिनकोडसकट, आणि घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात प्रिंट काढून पोस्टात टाका.